मोटारीची काया : तिचे विकार आणि उपचारांचा खर्च

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पत्र्यावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु घसारा, श्रमाचे मूल्य, विमा, पर्यायी खर्च हे जे शब्द अर्थशास्त्राच्या तासाला आपण वहीत उतरवून घेतो, ते सगळे एकाच कागदावर भेटण्याचे ठिकाण म्हणजे गॅरेजचे बिल होय. शिवाय मोटार ही आता केवळ धनिकांच्या दारात उभी राहणारी वस्तू उरलेली नाही. हप्त्यांवर घेतलेली लहान गाडी, नातेवाइकाकडून आलेली जुनी गाडी, भाड्याने फिरवून घर चालवणारी प्रवासी गाडी, अशा गाड्या आज आमच्या कोकणात वाडीवाडीतून दिसतात. त्यांच्या मालकांना चार-पाच हजारांचे अवचित बिल म्हणजे महिन्याच्या जमाखर्चाला पडलेले खिंडारच असते.

इंजिन बिघडले तर गाडी अडते. ते काम टाळता येत नाही. काया बिघडली तरी गाडी धावत राहते. म्हणूनच येथे माणूस दोन टोकांना जातो. एक तर ‘राहू दे, पावसाळ्यानंतर बघू’ म्हणतो, नाही तर पहिल्या ओरखड्यासरशी सगळी बाजू रंगवून घेतो. दोन्हींत पैसा जातो. प्रस्तुत लेखात मला मुख्यतः हे दाखवायचे आहे, की दुरुस्तीचा खर्च इजेच्या आकारावरून ठरत नाही. तो तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरतो. रंग फुटला आहे काय? पत्रा ताणला किंवा दुमडला आहे काय? आणि उघडा पडलेला पत्रा हवापाण्यात किती दिवस राहिला आहे? या तिन्हींनंतर एक चौथा प्रश्न येतो, तो म्हणजे पैसे कोण देणार आहे? तो शेवटचा असला तरी सर्वांत कमी महत्त्वाचा नाही, हे पुढे दिसून येईल.

कायेची रचना

जुन्या मोटारींना खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर काया बसवलेली असे. ट्रकांत ही पद्धत आजही आहे. इटलीच्या लान्सिया कंपनीने १९२२ साली लोकांपुढे मांडलेल्या ‘लांब्दा’ या गाडीत सांगाडा आणि काया एकजीव केली, आणि कालांतराने लहान मोटारींत हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. पहिल्या प्रकारात माणसासारखी हाडे आत आणि कातडी वर होती. दुसऱ्या प्रकारात खेकड्यासारखे कवच हेच हाड झाले.

या रचनेचा बिलाशी थेट संबंध आहे. पुढची मडगार्डे, बोनेट, दरवाजे आणि डिकीचे झाकण हे भाग बोल्टांनी किंवा बिजागऱ्यांनी बसवलेले असतात. पाहिजे तर काढून नवे लावता येतात. याउलट मागची मडगार्डे, छप्पर आणि दरवाजांखालून जाणारी आडवी पेटी हे भाग वेल्डिंगने कवचाशी एकरूप केलेले असतात. ते बदलायचे म्हणजे कापायचे आणि पुन्हा जोडायचे. म्हणून पुढच्या मडगार्डाला आणि मागच्या मडगार्डाला सारखाच मार बसला तरी खर्च सारखा येत नाही.

‘हल्लीचा पत्रा म्हणजे पत्रावळ’ अशी तक्रार वडीलधाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती अँबॅसिडर, किंवा मुंबईतील टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये जिने निरोप घेतला ती प्रीमियर पद्मिनी, यांच्या पत्र्याची आठवण ते काढतात. आजच्या लहान गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, तेव्हा तक्रारीत तथ्य आहे. परंतु गाडीचा पुढचा भाग चुरगळतो तो केवळ कंजुषीमुळे नव्हे. मर्सिडीझ कंपनीतील अभियंते बेला बरेन्यी यांनी १९५० नंतरच्या दशकात अशी कल्पना मांडली, की प्रवासी बसतात तो मधला भाग कणखर असावा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा असावा. म्हणजे टकरीचा जोर पत्रा गिळतो आणि माणूस वाचतो. १९५९ साली ही कल्पना विक्रीच्या गाडीत उतरली. तेव्हा गाडीचे नाक चेपले आणि आतला माणूस पायांवर उभा राहिला, तर पत्र्याने आपले काम चोख बजावले असेच म्हटले पाहिजे.

पत्र्यावरचा रंग हा एकच थर नसतो. कारखान्यात पत्रा आधी रासायनिक पद्धतीने धुऊन तयार करतात, मग टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक लेप चढवतात. त्यानंतर प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप येतो. हे सर्व थर मिळून जाडी मिलिमीटरच्या जवळपास दहाव्या भागाइतकीच भरते. एवढ्या पातळ पडद्याने लोखंड आणि कोकणचा पाऊस यांना वेगळे ठेवलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होते.

ओरखडा

आमच्याकडील अरुंद पाणंदींच्या दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असतात. समोरून एस.टी. आली की गाडी बाजूला घ्यावी लागते आणि गडगा आपली सही करून जातो. ओरखडा पाहताना त्याची लांबी पाहू नये, खोली पाहावी. त्यासाठी उपकरण लागत नाही. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही, तर इजा केवळ पारदर्शक लेपाला झालेली असते. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश यांनी असा ओरखडा पुष्कळसा नाहीसा होतो व काम काहीशे रुपयांत भागते. नख अडकले आणि आत प्रायमर दिसू लागला, तर बारीक कुंचल्याने त्याच छटेचा रंग भरून तात्पुरते निभावता येते. मात्र चकचकीत धातू दिसला तर गाडी कितीही जुनी असो, काम लांबवू नये. हातभर लांबीचा उथळ ओरखडा वर्षभर राहिला तरी चालतो. पण बोटभर लांबीचा खोल ओरखडा एका पावसाळ्यात महाग पडतो.

ओरखड्याशिवाय रंगाचे आणखी दोन वैरी आहेत. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते; उन्हात ती वाळली की पारदर्शक लेपावर कायमचा डाग उमटतो. झाडांचा चीकही असाच चिकट बसतो. दोन्हींवर ताबडतोब भरपूर पाणी हा बिनखर्चाचा उपाय आहे. दुसरा वैरी ऊन. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या छपरावरचा व बोनेटवरचा पारदर्शक लेप पांढरट होऊन त्याचे पोपडे निघू लागतात. या अवस्थेत पॉलिशचा उपयोग होत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो.

रंगकामाचा दर गॅरेजांत ‘पॅनेल’वर असतो. एक दरवाजा म्हणजे एक पॅनेल, एक मडगार्ड म्हणजे एक पॅनेल. लहान गाडीच्या एका पॅनेलला साध्या गॅरेजात आज साधारण दोन ते साडेतीन हजार, तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये साडेतीन ते सहा हजार रुपये पडतात. गाव, गाडी आणि रंगाची जात यांप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात. येथे नेहमी वाद होतो तो असा, की ओरखडा वीतभर असताना पैसे संपूर्ण दरवाजाचे का? याचे कारण रंगाच्या स्वभावात आहे. वीतभर जागेत फवारलेला रंग भोवतालच्या जुन्या रंगाशी एकजीव होत नाही, ठिगळासारखा उठून दिसतो. चंदेरी व मोतिया छटांत तर धातूचे किंवा अभ्रकाचे सूक्ष्म कण असतात. फवाऱ्याचा दाब व अंतर बदलले तरी छटा बदलते. म्हणून कारागीर कधी कधी शेजारच्या पॅनेलवरही रंग विरत नेतो, आणि एका दरवाजाच्या इजेचे बिल दोन पॅनेलांचे होते. याला लबाडी म्हणता येत नाही. मात्र ही गोष्ट आधी सांगून घेणे हे दोघांच्याही हिताचे आहे. साध्या पांढऱ्या रंगात हा प्रश्न बराच कमी येतो.

पोचा

भांड्याला पोचा येतो तसाच गाडीलाही येतो. पोच्यांचे दोन प्रकार मानावेत. पहिला उथळ व गोलसर. झाडावरून बोनेटवर नारळ पडला, मुलांचा चेंडू दारावर आपटला, कुणी जोरात टेकले, की असा पोचा पडतो. यात पत्रा वाकलेला असतो, पण फारसा ताणलेला नसतो आणि रंग शाबूत असतो. अशा वेळी आतील बाजूने लांब वाकड्या सळ्या घालून पत्रा कणाकणाने वर उचलतात, किंवा बाहेरून डिंकासारख्या पदार्थाने खुंटी चिकटवून ओढतात. शहरांत हे काम ‘पीडीआर’ या नावाने ओळखले जाते. रंगाला हात लागत नसल्यामुळे खर्च पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत राहतो आणि कारखान्यातला मूळ रंग टिकतो, हा मोठाच लाभ होय.

दुसरा प्रकार धारदार. दुचाकीचे हँडल घुसले, खांबाचा कोपरा लागला, की पत्र्याला घडी पडते. घडीच्या रेषेवर पत्रा ताणलेला असतो. कागदाची घडी उलगडली तरी रेघ राहते, तसेच येथे होते. अशा जागी डेंटर एका हाताने आतून लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरतो, त्याला ‘डॉली’ म्हणतात, आणि दुसऱ्या हाताने बाहेरून हातोडीचे हलके घाव घालतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे भांडे मठारताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल. तेथेही आत ऐरण, बाहेर हातोडी आणि मध्ये धातू. फरक एवढाच, की तांबट सपाट पत्र्यातून आकार घडवतो, आणि डेंटर हरवलेला आकार शोधून काढतो.

हातोडीचा घाव जोराचा पडला तर पत्रा आणखी पातळ होऊन पसरतो. पसरलेल्या पत्र्याला जागा पुरत नाही. मग तो फुगून राहतो आणि बोटाने दाबला की ‘टक्’ आवाज करून आत-बाहेर होतो. त्याला पुन्हा आकसवण्यासाठी लहानसा ठिपका लाल होईपर्यंत तापवून लगेच थंड करतात. हे काम हाताच्या सवयीचे आहे, पुस्तकातून येणारे नव्हे. मी काही दिवस एका गॅरेजात बसून हे काम पाहिले. तेथील मिस्त्री घाव घालण्यापूर्वी बराच वेळ नुसता तळहात पत्र्यावरून फिरवत असत. ‘डोळा फसतो, हात फसत नाही,’ एवढेच त्यांनी मला सांगितले. बिलात ‘डेंटिंग’ या एका शब्दापुढे जो आकडा असतो, तो या तळहाताचा मेहनताना असतो.

राहिलेला खडबडीतपणा पुटीने भरून काढतात. पुटी म्हणजे घट्ट करणारे रसायन मिसळलेला एक लेप. तो सुकला की पाणकागदाने घासून सपाट करतात. पुटी वाईट नाही, तिचा अतिरेक वाईट. दोन-तीन मिलिमीटरांपर्यंतचा थर चालतो. पण पत्रा नीट न उचलता खड्डा पुटीनेच बुजवला, तर धक्क्यांनी व उन्हाच्या तापाने ती काही काळाने तडकते, फटीतून पाणी आत जाते आणि खालचा पत्रा गुपचूप कुजतो. स्वस्त डेंटिंगमागे पुष्कळदा हे रहस्य असते. जुनी गाडी विकत घेताना खिशात लहानसे लोहचुंबक ठेवावे. मऊ कापडात गुंडाळून ते लोखंडी पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्यावर पुटीचा जाड थर आहे असे समजावे. प्लॅस्टिकच्या भागांना ही परीक्षा अर्थातच लागू नाही.

गंज

ओरखडा आणि पोचा हे अपघात. गंज हा रोग. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो, आणि पाण्यात मीठ असेल तर त्याचा वेग वाढतो. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बारा महिने वाहते. तेव्हा गंजाला लागणारा सगळा शिधा येथे तयारच आहे.

गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणूनच रंगाखाली तो वाढू लागला की वर बारीक फोड दिसतात. फोड तांदळाएवढा दिसला तरी खाली रुपयाएवढी जागा पोखरलेली असू शकते. त्याच्या आवडत्या जागाही ठरलेल्या आहेत. दरवाजाची खालची कड, चाकांवरच्या कमानी, दरवाजांखालची पोकळ पेटी, डिकीतील जादा चाकाची खळगी आणि पायांखालच्या गालिच्याखालचा तळ. या सर्व जागी पाणी साचते आणि वारा लागत नाही. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने व पानांच्या कुजक्याने बुजली की दरवाजाचे भांडे होते. पावसाळ्यात पंधरवड्याने एखाद्या लाकडी काडीने ती मोकळी करणे, यापेक्षा स्वस्त दुरुस्ती मला तरी माहीत नाही.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला तेव्हा असंख्य वाहने पाण्यात गेली. पुरातून निघालेल्या गाडीचे इंजिन व वायरिंग यांकडे सर्वांचे लक्ष जाते; पण दरवाजांखालच्या पोकळ पेटीत बसलेला गाळ तसाच राहतो. तो महिनोन् महिने ओल धरून ठेवतो आणि आतून बाहेर गंज येतो. अशी गाडी बाहेरून कितीही लखलखीत दिसली तरी घेणाऱ्याने गालिचे उचलून तळ आणि आसनांच्या पट्ट्यांची मुळे पाहावीत.

उपचार अवस्थेप्रमाणे बदलतो. फोड आहे पण पत्रा घट्ट आहे, अशा वेळी चकचकीत धातू लागेपर्यंत घासून, गंजरोधक प्रायमर देऊन, मग रंग देतात. खर्च एका पॅनेलच्या रंगाइतका किंवा थोडा अधिक. पत्र्याला भोक पडले, तर कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागतो. पेटी आणि तळ दोन्ही गेले तर पाच आकडी बिल होण्यास वेळ लागत नाही. भोकावर पुटी थापून रंग मारणे म्हणजे किडलेल्या दाताला चुना लावणे होय. गाडीखाली डांबरी लेप देण्याची पद्धत चांगली आहे; परंतु तो लेप स्वच्छ व कोरड्या पत्र्यावर द्यावा. आधीच्या गंजावर तो दिला तर ओल आत कोंडली जाते आणि रोग झाकून वाढतो.

बंपर, काच आणि आतला सांगाडा

जुन्या गाड्यांचे बंपर पोलादी व चकाकी चढवलेले असत. आज ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असतात. त्यांना गंज लागत नाही, पण चीर जाते आणि बसण्याच्या खुंट्या तुटतात. किरकोळ चीर प्लॅस्टिकच्या वेल्डिंगने जोडता येते. आत बसलेला खड्डा गरम पाण्याने किंवा गरम हवेने मऊ करून बाहेर काढता येतो. खुंट्याच तुटल्या असतील तर नवा बंपर घेणेच शहाणपणाचे, कारण सैल बंपर वाटेत निसटू शकतो. पुढच्या काचेवर खडी उडून लहान चांदणी उमटली, तर विशिष्ट राळ भरून ती वाढण्यापासून थांबवता येते. चालकाच्या नजरेसमोरची किंवा लांब गेलेली चीर मात्र काच बदलल्याशिवाय सुटत नाही.

सर्वांत गंभीर इजा न दिसणारी. पुढच्या टकरीत बोनेटखालचे दोन दांडे, ज्यांवर इंजिन तोललेले असते, ते वाकलेले असू शकतात. लक्षणे सोपी आहेत. दरवाजाभोवतीची फट एका बाजूला रुंद व दुसरीकडे अरुंद दिसते, सरळ रस्त्यावर गाडी एकीकडे ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. येथे साध्या हातोडीचे काम नाही. गाडी मोजमापाच्या चौकटीवर बांधून ओढून मूळ मापात आणावी लागते. आजच्या गाड्यांतील काही भाग उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात. गॅसच्या ज्योतीने तापवले तर त्यांची ताकद उतरते. म्हणून सांगाड्याच्या इजेत स्वस्त गॅरेज शोधणे हे पैशांचे नव्हे, जिवाचे धाडस आहे.

विम्याचे गणित

आता चौथ्या प्रश्नाकडे वळू. पैसे कोण देणार? कायद्याने सक्तीचा असलेला विमा केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा असतो. आपल्या गाडीचा पत्रा त्यात येत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा घेतला असेल तरच पुढील गणित लागू होते.

अशा सर्वसाधारण पॉलिसीत नव्या भागांच्या किमतीतून घसारा वजा करतात. प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर गाडीचे वय काहीही असो, ५० टक्के. काचेवर शून्य. पत्र्याच्या भागांवर वयाप्रमाणे : पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात साहित्याच्या किमतीवर ५० टक्के घसारा. आणि एकत्रित बिलात साहित्य एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात. मजुरीवर घसारा नाही. याशिवाय १५०० सी.सी.पर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दरवाजा चेपला आहे. नवा दरवाजा १२,००० रुपयांचा, बसवण्याची मजुरी १,५०० आणि रंगकाम ४,०००, एकूण १७,५००. तोच दरवाजा ठोकून सरळ करण्याची मजुरी ४,००० आणि रंगकाम ४,०००; एकूण ८,०००. सोयीसाठी कर बाजूला ठेवू.

गाडी सहा वर्षांची असेल तर नव्या दरवाजाच्या वेळी मालकाच्या खिशातून दरवाजाचा घसारा ४,८००, रंगाचा ५०० आणि सक्तीचे १,००० असे ६,३०० जातात. दरवाजा ठोकून घेतला तर रंगाचे ५०० आणि सक्तीचे १,००० मिळून फक्त १,५००. मालकाला दुरुस्ती साहजिकच परवडते. आता गाडी चार महिन्यांची आहे असे धरा. दरवाजावर घसारा शून्य. नवा दरवाजा घ्या किंवा जुना ठोकून घ्या, मालकाचे १,५०० रुपयेच जातात. मग तो नवाच मागणार! विमा कंपनीचे मात्र एका वेळी १६,००० आणि दुसऱ्या वेळी ६,५०० जातात. जास्त हप्ता भरून घसारा माफ करून घेण्याची जी सोय आहे, तिचाही परिणाम असाच होतो. तात्पर्य, दुरुस्ती की बदली हा प्रश्न पत्रा सोडवत नाही, पैसे देणाऱ्याचे नियम सोडवतात.

दुसरे गणित ‘नो क्लेम बोनस’चे. दावा न केलेल्या सलग वर्षांसाठी हप्त्यात अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते. दावा केला की ती शून्यावर येते. समजा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ६,००० रुपये असून मालकाला ५० टक्के सूट मिळते आहे. दावा केल्यास पुढील पाच वर्षांत, हप्ता तोच राहील असे धरून, त्याची सूट ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० रुपयांनी कमी होईल. एकूण तोटा ७,५००. वरील ८,००० रुपयांच्या दुरुस्तीत विम्याकडून मिळतात ६,५००. म्हणजे ६,५०० मिळवण्यासाठी ७,५०० गमावले! प्रत्यक्षात गाडीच्या वयाप्रमाणे हप्ता घटतो, त्यामुळे तोटा काहीसा कमी होईल. काही पॉलिसींत ही सूट राखण्याची जादा सोयही असते. तरीही किरकोळ कामाला विम्याचा कागद पुढे करण्यापूर्वी वहीच्या मागच्या पानावर हे गणित मांडून पाहावे, एवढे निश्चित. मोठ्या नुकसानीत मात्र विमा हाच आधार आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होऊ लागला, तर गाडी पूर्ण निकामी समजून भरपाई देतात.

कारागीर

बिलाची फोड करताना मला जाणवलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डेंटिंगमध्ये साहित्य जवळजवळ नसतेच. आपण विकत घेतो तो माणसाचा वेळ. रंगकामातही विम्याचे नियमच साहित्य पाव आणि श्रम पाऊण धरतात. तरीही घासाघीस होते ती या श्रमावरच. नव्या बंपरची छापील किंमत आपण निमूटपणे देतो आणि मिस्त्रीच्या मजुरीतून पाचशे कापायला अर्धा तास उभे राहतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन भाग मिसळून फवारल्या जाणाऱ्या आधुनिक रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्याने दमा जडू शकतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. नाकाला बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा व हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. आडोशाला ताडपत्री लावून फवारणाऱ्या पोराजवळ यांतले काहीच नसते. दोन गॅरेजांच्या दरांत जो फरक दिसतो, त्यातला काही भाग या खोलीचा आणि मुखवट्याचा असतो. स्वस्त रंगाची उरलेली किंमत कुणाची तरी फुप्फुसे भरत असतात, हे आपण विसरता कामा नये.

उपसंहार

वरील विवेचनाचा व्यवहारी सारांश थोडक्यात असा. उथळ ओरखडा आणि रंग न फुटलेला पोचा सवडीने दुरुस्त करावा. उघडा धातू आणि गंजाचा फोड यांना पावसाळ्यापूर्वी गाठावे. सांगाड्याच्या इजेत काटकसर करू नये. काम देण्यापूर्वी डेंटिंग, रंग आणि सुटे भाग यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत, किती पॅनेल रंगणार ते विचारावे, आणि पुटी भरण्यापूर्वी ठोकून झालेला पत्रा एकदा पाहायला यावे. चांगला मिस्त्री या भेटीने रागावत नाही, उलट सुखावतो. कारण एरवी त्याचे खरे काम रंगाखाली कायमचे झाकले जाते आणि लोक कौतुक करतात ते चकाकीचे.

नवा भाग आणून बसवणे दिवसेंदिवस सोपे होत जाणार, आणि पत्रा मठारणारे हात कमी होत जाणार, अशीच चिन्हे दिसतात. अर्थशास्त्राच्या भाषेत याला श्रमाची जागा वस्तूने घेणे असे म्हणता येईल. पण ज्याची गाडी सहा-सात वर्षांची आहे आणि ज्याचे घर तिच्यावर चालते, त्याला पुढची अनेक वर्षे त्या हातांचीच गरज लागणार आहे. त्यांच्या श्रमाला योग्य दाम आणि त्यांच्या श्वासाला स्वच्छ हवा मिळाली, तर आपल्याही गाड्या अधिक काळ टिकतील.